तीन वर्षं पाऊस, पाऊण तास विस्तव

"हे प्यायचं की डोक्याला लावायचं?" मालकांनी ग्लास खाली ठेवत विचारलं. कुणी हसलं नाही, कारण प्रश्न रास्त होता. त्या हंगामातल्या सगळ्यात चांगल्या प्लॉटमधली शिराझ ही लाल वाइन आम्ही अमेरिकन ओकच्या लाकडाच्या बारा नव्याकोऱ्या पिंपांत चौदा महिने ठेवली होती आणि आता तिला चक्क खोबरेल तेलाचा वास येत होता. द्राक्ष कुठे गेलं ते शोधावं लागत होतं.

मी दिंडोरीजवळच्या एका वायनरीत प्रयोगशाळा सांभाळते. साखर, आम्लता, पीएच, सल्फर डायऑक्साइड हे माझं रोजचं. पिंपं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कंटेनरनं येतात, आम्ही ती गरम पाण्यानं खंगाळतो आणि भरतो. त्यापलीकडे लाकडाशी माझा संबंध कधी आला नव्हता. वाइनचा नमुना पुण्याला तपासायला पाठवला. अहवालात एका नावाखाली पेननं रेघ मारून आली होती: सिस-ओक लॅक्टोन. मी मालकांना समजावलं, की हा पदार्थ लाकडात मुळातच असतो, खोबऱ्यासारखा वास देतो आणि फ्रेंच ओकपेक्षा अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये जास्त सापडतो.

"कळलं. मग अमेरिकेतली सगळी वाइन खोबरेल लागते का?"

नाही लागत. मग आमचीच का लागली, हे मला सांगता येईना. अहवालातल्या वीसेक नावांपैकी प्रत्येकाचं सूत्र मी कागदावर काढून दाखवलं असतं, पण ते पिंपात कुठून आलं आणि कमी कसं करायचं, याबद्दल माझी पाटी कोरी होती. आयात केलेलं एक नवं फ्रेंच पिंप आमच्या दारात येईपर्यंत लाखाच्या आसपास जात होतं. त्या मानानं माझं विमानाचं तिकीट स्वस्त, असा हिशेब मालकांनी केला. आमची द्राक्षं जानेवारीपासून यायला लागतात, ऑक्टोबर मोकळा असतो. आम्ही ज्यांच्याकडून थोडी पिंपं घेत होतो, त्या फ्रान्समधल्या बरगंडीतल्या एका पिंपांच्या कारखान्यानं तीन आठवडे येऊ द्यायचं कबूल केलं. शेजारच्या काकूंना आईनं सांगितलं, की ही ओकचं काम शिकायला चाललीय. काकू म्हणाल्या, "ओक म्हणजे कोण, आपले कॉलेज रोडचे?"

पहिले तीन दिवस मी पिंपाचं तोंडही पाहिलं नाही. मला आधी आलिए भागातल्या त्राँसेच्या जंगलात नेलं. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर यानं १६७० च्या सुमाराला आरमारासाठी हे जंगल नव्यानं राखायला घेतलं. आपल्याकडे सिंहगड परत घेतला गेला ते हेच वर्ष. तेव्हाची थोडी झाडं अजून उभी आहेत. जहाजांची गरज केव्हाच संपली, राखणं चालू राहिलं. झाडं मुद्दाम दाट वाढू दिलेली असतात. त्यामुळे उजेडासाठी ती सरळ वर जातात, खाली फांद्या धरत नाहीत आणि दर वर्षी जाडी जेमतेम वाढते. दीडशे-दोनशे वर्षांचं झाड झालं की ते पिंपाच्या कामाचं. मी कापलेल्या बुंध्यावर वर्तुळं मोजायला बसले, बोटाच्या एका पेरात अठरा भरली आणि मग डोळे दुखायला लागले.

हा सेसाइल ओक. त्याची बोंडं फांदीला थेट चिकटलेली असतात. दुसरा युरोपी ओक, पेडंक्युलेट, त्याच्या बोंडांना लांब देठ असतो. तो लिमूझँकडे भरपूर आहे, भरभर वाढतो, त्यात तुरटपणा जास्त आणि सुवास कमी, म्हणून तो प्रामुख्यानं कोन्याक ब्रँडीकडे जातो. म्हणजे "फ्रेंच ओक" एवढं लिहून मी इतकी वर्षं ऑर्डर देत होते, ते "भारतीय तांदूळ" म्हणून ऑर्डर देण्यासारखं होतं.

लाकूड करवतीनं कापत नाहीत, फोडतात. मीटरभर लांबीचा ओंडका यंत्राच्या पाचरीखाली उभा करतात, पाचर बसते आणि तो तडतडत आपल्याच रेषेवर उकलतो. का, ते तिथल्या एका माणसानं मला फुंकर मारायला लावून दाखवलं. त्यानं खणातून दोन कांड्या काढल्या. एक अमेरिकेतल्या लाल ओकची. तिचं एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवून मी दुसऱ्या टोकाकडून फुंकलं, तर बुडबुडे आले. आठ इंच लाकडातून! दुसरी त्राँसेची. कानात दडे बसेपर्यंत फुंकलं, पाणी हललंसुद्धा नाही. लाल ओकच्या नळ्या मोकळ्या असतात. पांढऱ्या ओकच्या (त्राँसेचा ओकही ह्याच गटातला) गाभ्यातल्या नळ्यांमध्ये आजूबाजूच्या पेशींचे पातळ फुगे शिरून बसतात आणि वाट बुजवतात. युरोपी ओकमध्ये ही बुजवाबुजवी अमेरिकन पांढऱ्याइतकी भरगच्च नसते. त्यामुळे रेषा तोडून करवत चालवली, तर एखादी नळी फळीच्या आतून बाहेरपर्यंत आरपार उघडी पडते आणि तिथून वाइन झिरपते. रेषेवर फोडलं की नळ्या फळीच्या लांबीनं जातात. अमेरिकन पांढरा ओक करवतीनं कापला तरी चालतो. फोडण्यात वाया किती जातं, तर पाच घनमीटर ओंडक्यांतून कामाच्या फळ्या एक घनमीटर. ढलप्यांचे ढीग पाहून मला हळहळ वाटली. त्या पुढे विस्तवाला लागतात, हे नंतर कळलं.

ताज्या फळीचा वास मला अजिबात आवडला नाही. आंबूस, कच्चा, ओल्या पोत्यासारखा. व्हॅनिला नाही, लवंग नाही, ज्यासाठी जग पैसे मोजतं त्यातलं काही नाही. मी तिला जीभ लावली आणि तोंड असं आवळलं, की पुढचं वाक्य बोलता येईना. ती चव ओळखीची होती. लहानपणी खोकला झाला की आजी हिरड्याचा तुकडा गालात धरायला लावायची, तीच.

आणि हे नुसतं चवीपुरतं नाही. ओकच्या गाभ्यात वाळलेल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत एलॅजिटॅनिन असू शकतात. कास्टालॅजिन, व्हेस्कालॅजिन आणि रोबुरिन ही त्यातली मुख्य नावं. हिरड्यातली टॅनिन त्याच कुळातली. ती लाळेतल्या प्रथिनांना पकडून त्यांचा साका करतात, जिभेवरचं वंगण जातं, त्यालाच आपण तुरट म्हणतो. कातडं कमावताना हिरडा वापरायचे, ओकची साल वापरायचे, त्यामागे हीच पकड. आणि लोखंड भेटलं की दोन्ही काळीनिळी होतात. हिरडा आणि हिराकस घालून आपल्याकडे काळा रंग आणि शाई करत, युरोपात ओकवर कीटकांमुळे येणाऱ्या गाठी आणि तेच हिराकस वापरून शतकानुशतकं दस्तऐवज लिहिले गेले.

कारखाना बोन गावापासून थोड्या अंतरावर होता. मला ज्यांच्या हाताखाली दिलं, ते साठीच्या पुढचे कारागीर होते. त्यांना मोडकं इंग्रजी येत होतं, मला मोडकं फ्रेंच. आमच्याकडे गवंडीकामात मोठ्या मिस्त्रीला उस्ताद म्हणतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना उस्तादच म्हणायला लागले. त्यांनी मला आधी मागच्या अंगणात नेलं. अंगण कसलं, फळ्यांचं गावच. हवा खेळावी म्हणून आडव्याउभ्या रचलेल्या फळ्यांचे माणसापेक्षा उंच चौथरे, प्रत्येकावर महिना आणि वर्ष लिहिलेलं. छप्पर नाही. भुरभुर पाऊस पडत होता आणि फळ्या खुशाल भिजत होत्या.

आम्ही सागाची फळी भिजली तर घर डोक्यावर घेतो. मी विचारलं, की वाळवायच्या फळ्या पावसात का? उस्तादांनी उत्तर न देता पायाखाली बोट दाखवलं. चौथऱ्यातून ठिबकणारं पाणी जमिनीवर साचलं होतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. पलीकडे क्रेनचा एक गंजका पाय त्या ओघळात उभा होता आणि त्याच्याभोवतीची फरशी शाई सांडल्यासारखी निळसर काळी झाली होती. मी कॉलेजात टॅनिन ओळखायला फेरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे. इथे तो प्रयोग कुणी न लावता वर्षानुवर्षं चालला होता.

दुपारी त्यांनी तीन ग्लास मांडले. एकात आजच फोडलेल्या लाकडाचा कीस, दुसऱ्यात वर्षभर भिजलेल्याचा, तिसऱ्यात तीन वर्षांच्या फळीचा. वर उकळतं पाणी. पाच मिनिटांनी चाखायचं. पहिला पिवळट तपकिरी झाला होता आणि घोट गिळवेना. तुरटपणाच्या मागे एक कडू धारही होती. दुसऱ्यात कडवटपणा कमी, तोंड मात्र अजून आवळत होतं. तिसरा फिक्या काढ्यासारखा. तुरट होता, पण तो तुरटपणा जिभेवर न ओरबाडता बसत होता.

ह्या तीन ग्लासांत काय झालं, ते मी रात्री वहीत लिहून काढलं. पाण्यात विरघळणारी टॅनिन पावसानं वाहून गेली, ते खाली साचलेलं दिसतच होतं. काहींची हवेतल्या ऑक्सिजननं मोडतोड झाली, त्यातून एलॅजिक आम्ल सुटलं. काही एकमेकांना चिकटून इतकी मोठी झाली, की आता ती पाण्यात उतरतच नाहीत. कडू धार होती ती क्युमरिन वर्गातल्या पदार्थांची. त्यांना साखर जोडलेली असते तेव्हा ते कडू लागतात आणि साखर तुटली की फारसे जाणवत नाहीत. ती साखर तोडायला ओल्या फळीवर उगवणाऱ्या बुरशा मदत करतात. मी फळीच्या पाठीवर भिंगातून पाहिलं, करड्या पृष्ठभागावर काळपट पांढरे धागे पसरले होते. आमच्या वायनरीत असली बुरशी दिसली, तर मी तळघर धुऊन काढायला लावते.

"भट्टीत घातलं तर हे महिन्याभरात वाळेल," मी दुसऱ्या दिवशी म्हणाले.

"वाळेल," उस्ताद म्हणाले. "धुतलं कुठे जाईल?"

जुना ठोकताळा असा, की फळीच्या दर सेंटीमीटर जाडीला एक वर्ष. पिंपाची फळी तयार होते तेव्हा सुमारे २७ मिलिमीटर असते, कच्ची त्याहून जाड, म्हणजे तीन वर्षं. इतका काळ भांडवल पावसात उभं करून ठेवायचं. नाशिकला परतल्यावर मी आमच्या खोबरेल पिंपांचे कागद काढले, तर त्यावर वाळवण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. विचारायला हवं हे आम्हालाही सुचलं नव्हतं.

आता विस्तवाकडे वळते. माझे सगळ्यात चांगले दिवस तिथे गेले.

लाकडाची रचना पुस्तकात मी शंभरदा वाचली होती, पण उस्तादांच्या हाताखाली मला ती आजोळच्या कुडाच्या भिंतीसारखी दिसायला लागली. सेल्युलोज म्हणजे आतल्या कारवीच्या काठ्या, ताठ आणि चिवट. त्यांना बांधणारे काथ्याचे बंद म्हणजे हेमिसेल्युलोज. वरून थापलेलं लिंपण म्हणजे लिग्निन. आणि टॅनिन, लॅक्टोन, लवंगेचा वास देणारं युजेनॉल ही भिंतीत कुणीतरी खोचून ठेवलेली चीजवस्तू. भिंत उभी राहायला तिची गरज नाही.

तीसेक फळ्या एका लोखंडी कड्यात उभ्या लावतात. वरून घट्ट, खालून फाकलेल्या. उमललेल्या फुलासारखं दिसतं म्हणून त्याला तिथे "मीझ आँ रोझ" म्हणतात. ते ह्या धंद्यातलं बहुधा एकमेव लाडिक नाव असावं, कारण बाकी सगळं घणाघात आहे. मग आत ओकच्याच ढलप्यांची शेगडी ठेवायची, बाहेरून ओल्या फडक्यानं फळ्या भिजवत राहायच्या. उष्णता आणि ओल एकत्र आली की लिंपण मऊ पडतं. वीस-पंचवीस मिनिटांनी खालच्या बाजूनं तारेचा फास आवळत नेला, की ताठ फळ्या कुरकुरत आत वळतात. गार झालं की लिग्निन पुन्हा घट्ट होतं आणि वाक तसाच राहतो. खिळा नाही, गोंद नाही. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोखंड तापवतात आणि गार होताना ते आवळतं. इथे कडं थंडच असतं, ते हातोड्यानं ठोकत पोटाकडे सरकवायचं. दोघं जण पिंपाभोवती गोल फिरत एकाआड एक घाव घालतात. तो ठेका इतका पक्का, की मी शनिवारी खोलीवर भांडी घासतानाही त्याच तालात घासत होते.

वाक देऊन झाला की खरं शेकणं. ह्यात आग दिसली पाहिजे, पण लाकडाला लागता कामा नये. मध्यम शेकासाठी आतल्या पृष्ठभागाचं तापमान दोनशे अंशांच्या आसपास न्यायचं आणि तेही सावकाश, पाऊण तास धरा. माझ्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर होता. उस्ताद पिंपाच्या बाहेरून तळहात लावायचे आणि तोंडाशी वाकून नाक घालायचे. पहिले चार दिवस मी आकडे टिपत होते, पाचव्या दिवशी त्यांनी थर्मामीटर काढून खिशात घातला आणि मला वास सांगायला लावले.

पहिल्यांदा ओल्या लाकडाची वाफ. मग नाकाला एकदम झोंबणारा आंबट वास. ते ॲसेटिक आम्ल. हेमिसेल्युलोजच्या साखळीवर लटकलेले ॲसेटिल गट उष्णतेनं सुटतात. म्हणजे बंद सुटायला लागले. त्यानंतर भाजलेल्या पावाचा, कडवट बदामाचा वास येतो. हेमिसेल्युलोजमधली झायलोज साखर पाणी गमावून फरफ्युरल होते. हेच फरफ्युरल कारखान्यांत उसाच्या चिपाडापासून आणि मक्याच्या बुरकुंडांपासून काढतात. मग काकवीसारखा गोडसर वास, त्यात माल्टोल आणि फरफ्युरलची भावंडं. मी म्हणाले, "गुऱ्हाळ." उस्तादांना ते समजावायला मला खिशातल्या कागदावर कढई आणि बैल काढावा लागला.

त्यानंतर व्हॅनिला येतो. तो येतो तेव्हा इतका हलका असतो, की मला पहिल्या दोन पिंपांत कळलाच नाही. लिंपण फुटायला लागल्याची ती खूण. लिग्निनचे तुकडे पडून कोनिफेराल्डिहाइड आणि सिनापाल्डिहाइड होतात, त्यांच्यापासून व्हॅनिलिन आणि सिरिंगाल्डिहाइड. एके काळी कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन बनवायचे, तेव्हा आइस्क्रीमला लागणारा वास आणि हा वास यांचं नातं वाटतं तितकं दूरचं नाही. त्याच्याही पुढे शेकत राहिलं, तर व्हॅनिलिन स्वतःच मोडतं आणि ग्वायकॉल, सिरिंगॉल येतात. वांग्याच्या भरताला निखाऱ्याचा धुंगार दिल्यावर जो वास येतो, तो ह्यांचा. म्हणजे जास्त भाजलं तर व्हॅनिला वाढत नाही. एका टोकापर्यंत चढतो आणि मग धुरासाठी जागा करून देतो. फरफ्युरलचंही तसंच. आणि टॅनिन? विस्तव त्यांनाही मोडतो. पावसातून जी वाचली, त्यातली आतल्या बाजूची बरीच शेकताना जातात.

माझ्या लॅक्टोनचा खुलासा मला इथे मिळाला. ते विस्तवातून जन्मत नाही, भिंतीत खोचलेल्या वस्तूंपैकी आहे. कुठल्या जातीचं झाड, यावर त्याचं प्रमाण मुख्यतः ठरतं. अमेरिकन पांढऱ्यात जास्त. हलक्या शेकात ते टिकतं, कधी थोडं वाढतंही. जोरात शेकलं की घटतं. आमच्या बारा पिंपांवर "हलका शेक" असा शिक्का होता आणि तो आम्हीच मागवला होता, लाकूड फार जाणवू नये म्हणून! लाकूड कमी जाणवावं म्हणून कमी शेकलं, तर धूर आणि कॉफी कमी येते, पण खोबरं झाकायला वर काहीच राहत नाही. शिवाय बाराच्या बारा नवी. दोन-तीन वर्षं वापरलेली पिंपं लाकडाचा वास फारसा देत नाहीत. त्यात निम्मी वाइन ठेवून नंतर मिसळली असती, तरी निभावलं असतं. पुरवठादाराला फोनवर मी जे काही बोलले होते, ते आठवून मला त्या शेगडीपाशी जास्तच उकडायला लागलं.

नवव्या दिवशी शेगडी माझ्या हाती दिली. ढलप्या टाकायच्या त्या एकेक, निखारे लाल, ज्वाळ बुटकी. पहिली वीस मिनिटं छान गेली. मग मला वाटलं, आग मंदावलीय, म्हणून मी मूठभर ढलप्या एकदम टाकल्या. ज्वाळा फळ्यांना चाटून गेल्या आणि आतून टक् असा आवाज आला, पाठोपाठ दुसरा. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शेगडी काढली, बॅटरी आत धरली. एका फळीवर तळहाताएवढा फोड आला होता. त्यांनी नखानं टिचकी मारली, पोकळ वाजला. पृष्ठभागाखालची ओल बाहेर पडायच्या आत वरची साय कडक झाली होती, वाफेनं ती उचलली. ज्वारीच्या भाकरीला पापुद्रा सुटतो तसाच. भाकरी फुगली तर आमच्याकडे सुनेचं कौतुक होतं, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी पटाशीनं पापुद्रा उडवला आणि खालची न शेकलेली पांढुरकी लाकडाची जखम मला दाखवली. ह्या फोडाच्या मागे वाइन शिरते, मागे साचते, धुताना निघत नाही, आणि मग तिथे जिवाणू घर करतात. माझ्यासारखीला ते सांगायची गरज नव्हती. दर वर्षी एखाददुसऱ्या पिंपात चढणारं व्हिनेगर मी कुठून येतं म्हणून शोधत असतेच.

कडी सैल करून ती फळी काढली, दुसरी बसवली. वीस मिनिटं गेली आणि कुणी मला रागावलं नाही, ते जास्त लागलं. काढलेली फळी त्यांनी करवतीनं आडवी कापून माझ्यासमोर धरली. काप पाहण्यासारखा होता. आतल्या कडेला काळपट तपकिरी रेघ, जेमतेम तीन मिलिमीटर. मग मधाच्या रंगाची सावली. आणि त्यामागे वीस मिलिमीटर जसंच्या तसं लाकूड. आमची वाइन चौदा महिने ज्याच्याशी बोलते ते मुख्यतः हे एवढं. उरलेली जाडी पिंप उभं राहावं आणि बाहेरची हवा अगदी थोडी थोडी आत यावी, यासाठी.

केंटकीत ह्याच्या उलट करतात, हेही तिथेच समजलं. तिथल्या बर्बन व्हिस्कीला कायद्यानंच नवं आणि आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. अक्षरशः पेटवतात, आत मगरीच्या कातडीसारखा कोळसा होईपर्यंत. तो कोळसा गंधकाचे नकोसे वास ओढून घेतो आणि त्याच्यामागे जो शेकलेला थर असतो, तो रंग-गोडवा देतो. एकदा वापरलेली ती पिंपं मग स्कॉटलंडला जातात. उस्तादांना हा विषय काढलेला आवडला नाही.

शेवटच्या आठवड्यात मी झाकणाची खाच पाडायला, खाचेत पिठाची लापशी भरायला आणि गरम पाणी घालून गळती तपासायला शिकले. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पिठाच्या लापशीनं २२८ लिटर वाइन अडते, एवढं मात्र मी अजून लोकांना सांगत असते. तोंडाचं भोक तापलेल्या लोखंडी शंकूनं जाळत मोठं करतात तेव्हा उठणारा धूर डोळ्यांत गेला की दिवसभर जात नाही.

परत आल्यावर मालकांना मी एकच कागद दिला. त्यावर पुढच्या ऑर्डरला विचारायचे प्रश्न होते: झाड कुठलं, जात कुठली, उघड्यावर किती महिने, शेक किती आणि झाकणं शेकलेली की नाही. खाली एक ओळ आमच्यासाठी होती, की नवी पिंपं एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "म्हणजे चूक कुणाची होती?" मी म्हणाले, निम्म्याहून जास्त आपली. खोबरेल शिराझ आम्ही पुढची दोन वर्षं थोडी थोडी करून दुसऱ्या वाइनमध्ये जिरवली. एप्रिलात रिकाम्या पिंपांची कडी सैल होतात, तेव्हा ती ओढून बसवायला आता कुणाला बोलवावं लागत नाही. हातोडा मीच चालवते. दोघं लागतात, म्हणून तळघरातल्या एका पोऱ्याला तो ठेका शिकवलाय.

फोड आलेल्या फळीचा हातभर तुकडा उस्तादांनी निघताना मला दिला. विमानतळावर सुरक्षेवाल्यानं विचारलं, हे काय आहे? मी म्हणाले, फळी. त्यानं वास घेतला आणि जाऊ दिलं. घरी आईनंही वास घेतला. "खोबऱ्याच्या वडीला खालून लागलंय," ती म्हणाली, आणि मला पुण्याच्या अहवालापेक्षा ते नेमकं वाटलं.

मी तो तुकडा स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावला, शेकलेली बाजू बाहेर, हाताशी होता तो खिळा ठोकून. जून-जुलै गेले. श्रावणात एकदा पाहिलं, तर खिळ्याभोवती रुपयाएवढं निळंकाळं वर्तुळ उमटलं होतं आणि त्यातून एक ओघळ खाली भिंतीच्या पांढऱ्या रंगावर आला होता. तीन वर्षं बोनच्या पावसात धुऊनही मागच्या बाजूला एवढं शिल्लक होतं. मी भिंग आणायला वळले.

"लोखंडी खिळा कशाला मारलास?" आई मागून म्हणाली. "आवळ्याला आपण लोखंडी कढई लावतो का? ड्रॉवरमध्ये पितळी होता की."